क्रिमिनॉलॉजी शिकायचंय, पण म्हणजे नक्की काय? वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

मागच्या अंकात मी क्रिमिनॉलॉजी (गुन्हेगारीशास्त्र) शिकवण्याबद्दल पानभर लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. तर इतकी पत्रं आणि मेल आलेत की प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं शक्यच नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं काढून टाकलीत. काही ठिकाणी प्रश्न दोन ओळींचा आणि उत्तर लांबलचक झालंय, पण तिथे थोडक्यात सांगितलं असतं तर अर्धवट राहिलं असतं.

प्रश्न: मी पुढच्या वर्षी कॉलेजला जाणार आहे. मला क्राइमच्या केसेस वाचायला प्रचंड आवडतं, रात्र रात्र पॉडकास्ट ऐकते. क्रिमिनॉलॉजीच घ्यायचं ठरवलंय, पण बाबा म्हणतात पोलिसात जायचं तर ती परीक्षा दे, लॅबमध्ये जायचं तर सायन्स घे, हे मधलंच काय काढलंस? मला त्यांना नीट सांगता येत नाही.

बाबांचा प्रश्न रास्त आहे गं, आणि दरवर्षी पहिल्या तासाला अर्ध्या वर्गाच्या डोक्यात हाच गोंधळ असतो.

असं समज की एका घरात चोरी झाली. फॉरेन्सिकवाला येऊन खिडकीच्या काचेवरचा ठसा उचलेल, कडीवरचे ओरखडे बघेल, म्हणजे त्याचं काम वस्तूंशी, आणि त्यासाठी केमिस्ट्री-बायोलॉजी पक्की लागते (एडमंड लोकार्डने १९१० मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरात कोर्टाच्या पोटमाळ्यावरच्या दोन खोल्यांत लॅब सुरू केली होती, तिथून ही परंपरा पुढे वाढली). वकील बघेल की कलम कुठलं लागतं आणि पुरावा कोर्टात टिकेल का. पोलीस बघतील की केलं कुणी. आणि क्रिमिनॉलॉजी शिकलेली मुलगी विचारेल की या वसाहतीत वर्षभरात किती चोऱ्या झाल्या, कुठल्या घरांत झाल्या, एकाच घरात दोनदा झाली का, आणि झाली तर शेजारच्या घरात एकदाही का नाही झाली?

हे मी हवेत बोलत नाहीये. इंग्लंडमधल्या रोचडेलला कर्कहोल्ट नावाची वसाहत आहे, तिथे १९८० च्या दशकात घरफोड्यांनी लोक अगदी त्रासले होते. अभ्यास करणाऱ्यांनी चोरी झालेल्या घरांत जाऊन लोकांशी बोलून घेतलं, शेजाऱ्यांना विचारलं, इतकंच नाही तर पकडलेल्या चोरांनाही विचारलं. दोन गोष्टी हाती लागल्या. एक म्हणजे ज्या घरात एकदा चोरी झाली तिथेच थोड्या दिवसांत पुन्हा होण्याची शक्यता कितीतरी जास्त होती. आणि दुसरी म्हणजे घराघरात गॅस आणि विजेसाठी नाणी टाकायचे मीटर होते, म्हणजे प्रत्येक घरात रोख पैशाचा डबाच भिंतीला लावलेला होता! मग ते मीटर काढले, चोरी झालेल्या घराची कड्याकुलुपं लगेच नीट केली आणि त्या घराच्या आजूबाजूच्या पाच-सहा घरांना सांगितलं की थोडे दिवस या घरावर लक्ष ठेवा. घरफोड्या झपाट्याने कमी झाल्या. यात शिक्षा वाढवावी लागली नाही की पोलिसांची संख्या वाढवावी लागली नाही, नीट प्रश्न विचारले गेले म्हणून हे झालं. बाबांना ही गोष्ट सांग, मला वाटतं त्यांना पटेल.

आता याची दुसरी बाजूही ऐक. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या रॉवे तुरुंगात १९७० च्या दशकात एक कार्यक्रम सुरू झाला होता, वाया चाललेल्या पोरांना तुरुंगात न्यायचं, जन्मठेपेचे कैदी त्यांच्यावर ओरडणार, आतलं आयुष्य किती भयंकर आहे ते सांगणार, म्हणजे पोरं घाबरून सरळ होतील. १९७८ मध्ये त्यावर डॉक्युमेंटरी आली, ती खूप गाजली, आणि ठिकठिकाणी तसेच कार्यक्रम निघाले. ऐकताना कुणालाही वाटेल की बरोबरच आहे, भीती बसली पाहिजे. पण जेव्हा काही मुलांना पाठवून आणि तशाच काही मुलांना न पाठवता तुलना केली तेव्हा दिसलं की जाऊन आलेल्या मुलांनीच नंतर जास्त गुन्हे केले. पुढे अशा सगळ्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला तेव्हाही तेच निघालं. म्हणजे चांगल्या हेतूने केलेल्या कामाने मुलांचं नुकसान झालं, आणि मोजलं नसतं तर ते कुणाला कळलंही नसतं. मला या विषयाबद्दल एवढं का वाटतं ते या एका उदाहरणात आहे.

सिलॅबसमध्ये इतिहासही असतो. १७६४ मध्ये बेक्कारिया या इटालियन विचारवंताने लिहिलं की शिक्षा किती क्रूर आहे यापेक्षा ती होणार याची खात्री जास्त महत्त्वाची, ते आजही लागू पडतं. १८७६ मध्ये लोंब्रोसो हा इटालियन डॉक्टर म्हणाला की जन्मजात गुन्हेगार चेहरामोहरा आणि कवटीवरून ओळखता येतो, ते साफ चुकीचं निघालं, आणि तेही शिकवतात, शिकवायलाच हवं, कारण माणसाचा चेहरा बघून त्याला गुन्हेगार ठरवायची सवय अजून गेलेली नाही. क्रिमिनॉलॉजी हे नाव गारोफालो नावाच्या इटालियन न्यायाधीशाच्या १८८५ च्या पुस्तकाने रूढ झालं. बाकी समाजशास्त्र, मानसशास्त्र, थोडा कायदा, संशोधन पद्धती आणि स्टॅटिस्टिक्स.

पॉडकास्ट खुशाल ऐक. फक्त एक करून बघ, पुढचा एपिसोड संपला की वहीत लिही की तो गुन्हा घडू नये म्हणून आधी कोण काय करू शकलं असतं. शाळा, घर, शेजारी, दवाखाना, पोलीस, कुणीही. दहा एपिसोडनंतरही हे लिहायला मजा येत असेल तर डोळे झाकून ॲडमिशन घे, आणि कंटाळा आला, फक्त पकडापकडीच आवडतेय असं वाटलं, तर तपासाकडे किंवा फॉरेन्सिककडे जा, त्यात वाईट काहीच नाही.

प्रश्न: माझी मुलगी फार हळवी आहे. तिला हाच विषय हवाय. रोज खून, बलात्कार, मुलांवरचे अत्याचार हेच वाचायचं म्हणजे तिच्या मनावर परिणाम होणार नाही का? मी नाही म्हणू का?

ताई, परिणाम होतो, होत नाही असं मी म्हणणार नाही. पण माझा अनुभव असा की हळवी मुलं या विषयात टिकतात, फक्त त्यांना आधार लागतो. ज्याला काहीच वाटत नाही त्याचीच मला जास्त काळजी वाटते.

मी स्वतः शिकत असतानाची गोष्ट सांगते. फील्डवर्कसाठी मला मुलांच्या एका सुधारगृहात पाठवलं होतं, हातात प्रश्नावली, चाळीसेक प्रश्न, हो की नाही एवढंच विचारून खूण करायची. समोर सोळा वर्षांचा मुलगा. टेबलाच्या कडेचा सनमायका सुटला होता, तो अंगठ्याच्या नखाने तोच उचकटत बसला होता. मी विचारत गेले, तो हो म्हणत गेला. शाळा सोडली? हो. घरी मारायचे? हो. दारू? हो. मी खुणा करत गेले, मनात म्हणतेय किती छान सहकार्य करतोय. वीसेक प्रश्नांनंतर मी चुकून तोच प्रश्न उलटा विचारला, शाळेत नियमित जायचास का, तरी उत्तर हो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा उत्तरं देतच नाहीये, त्याला एवढंच माहितीये की फॉर्म घेऊन आलेल्या माणसाला हो म्हटलं की लवकर सुटका होते. मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, तुला नको असेल तर नाही सांगितलंस तरी चालेल, कुणी रागावणार नाही. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग मला विचारलं, "आज वार कोणता?" भेटीचा वार दोन दिवसांवर होता आणि गेल्या दोन्ही वेळेस त्याला भेटायला कुणीही आलं नव्हतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पण दुसऱ्या दिवशी आमच्या मॅडमनी मला समोर बसवून सगळं बोलायला लावलं, मग तो फॉर्म फाडून टाकायला सांगितला, कारण त्यातलं एकही उत्तर खरं नव्हतं आणि खोटा डेटा ठेवायचा नसतो. म्हणजे एकाच वेळी मला सावरलं आणि शिकवलंही.

तर नाही म्हणू नका. फक्त कॉलेज बघायला जाल तेव्हा विचारा की फील्डवर्कला मुलांना एकटं पाठवतात का, आल्यावर त्यांच्याशी कोण बोलतं, कौन्सेलर आहे का, एखादी केस वाचणं झेपलं नाही तर दुसरी मिळते का. या प्रश्नांना उडवाउडवीची उत्तरं आली तर कॉलेज बदला. आणि सगळा अभ्यास रक्तरंजित असतो असंही नाही, चेकवरच्या खोट्या सह्या, ऑनलाइन फसवणूक, सायकलचोरी, भंगारातली तांब्याची तार, असं कितीतरी असतं.

प्रश्न: मला गणित अजिबात जमत नाही म्हणून आर्ट्स घेतलं. क्रिमिनॉलॉजीत स्टॅटिस्टिक्स असतं असं ऐकलं आणि धडकी भरली. ते टाळता येतं का?

टाळता येत नाही, आणि टाळूही नकोस. पण तू ज्या गणिताला घाबरतोस ते हे नाही. इथे सूत्रं पाठ करण्यापेक्षा आकड्याला प्रश्न विचारता येणं महत्त्वाचं असतं.

पहिल्या आठवड्यात मी वर्गात एक साधं उदाहरण देते. एका वस्तीत २०० घरं आणि वर्षभरात १० चोऱ्या, दुसरीत २००० घरं आणि ४० चोऱ्या, जास्त धोका कुठे? निम्मा वर्ग दुसरी म्हणतो. पण पहिलीत दर १०० घरांमागे ५ चोऱ्या झाल्या आणि दुसरीत २. एवढं भागाकाराचं गणित तुला येतं ना? मग सुरुवात झाली.

त्यापुढची पायरी जास्त मजेची. समज एका शहरात गेल्या वर्षीपेक्षा घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी दुप्पट झाल्या. हिंसाचार वाढला का? वाढला असेलही. किंवा बायकांना पहिल्यांदाच वाटलं असेल की तक्रार केली तर कुणीतरी ऐकेल. किंवा नोंद करायची पद्धत बदलली असेल. नोंदलेला गुन्हा आणि घडलेला गुन्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मधली जी न नोंदलेली बाजू आहे तिला या विषयात गुन्ह्यांचा अंधारातला आकडा म्हणतात. तो शोधायला लोकांच्या घरी जाऊन विचारतात की गेल्या वर्षात तुमच्याबाबतीत काही घडलं का, मग तुम्ही पोलिसांकडे गेला असाल किंवा नसाल. अमेरिकेत असं राष्ट्रीय सर्वेक्षण १९७० च्या दशकात सुरू झालं, ब्रिटनमध्ये पहिलं १९८२ मध्ये झालं, आणि दर वेळी हेच दिसतं की पुष्कळ गुन्हे पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत.

आणि काही आकडे तर असे आहेत की ते कळल्यावर जग बघायची नजरच बदलते. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात एका वर्षातले पोलिसांना आलेले सगळे फोन पत्त्यानुसार लावून बघितले, १९८९ मध्ये तो अभ्यास छापून आला, तर शहरातल्या साधारण ३ टक्के पत्त्यांवरून निम्मे फोन आले होते. म्हणजे लोक ज्याला धोक्याचा भाग म्हणतात तिथलीही बहुतेक घरं शांत असतात, आणि कटकट दोन-चार ठरावीक कोपऱ्यांवर असते. अख्ख्या वस्तीला बदनाम करणाऱ्यांना मी हा आकडा नेहमी सांगते. दुसरा अभ्यास फिलाडेल्फियाचा. १९४५ मध्ये जन्मलेले ९,९४५ मुलगे, त्यांची अठराव्या वर्षापर्यंतची पोलिसांतली नोंद बघितली, तर ६२७ मुलांच्या, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास मुलांच्या नावावर निम्म्याहून जास्त गुन्हे होते. आता हा आकडा ऐकून लोक पटकन म्हणतात की मग या सहा टक्क्यांना लहानपणीच हुडकून बाजूला काढा. थांब. हे मागे वळून बघितल्यावर दिसलेलं आहे, पुढचं आधीच ओळखणं फार अवघड, आणि ओळखायला गेलं तर कितीतरी निष्पाप मुलांवर शिक्का बसतो. आकड्यातून काय निघतं इतकंच काय निघत नाही हेही कळावं लागतं, म्हणून स्टॅटिस्टिक्स.

आत्तापासून एक्सेलशी दोस्ती कर, पहिल्या वर्षात टक्के, दर, सरासरी एवढं पक्कं झालं की पुढचं जमतं. माझ्याकडे गणितात कायम काठावर पास झालेल्या एका मुलीने शेवटच्या वर्षी नकाशावर गुन्ह्यांच्या जागा लावून इतका सुंदर प्रोजेक्ट केला होता की मी तो अजूनही वर्गात दाखवते.

प्रश्न: मला प्रोफायलर व्हायचंय. कोणता कोर्स?

सिरियलमध्ये दिसतो तसा, जागा बघून गुन्हेगाराचं वय आणि त्याच्या गाडीचा रंग सांगणारा माणूस, असा जॉब जवळपास नसतोच. जे थोडे लोक गुन्ह्याच्या वर्तनाचं विश्लेषण करतात ते बहुतेक आधी बरीच वर्षं तपासात किंवा क्लिनिकल सायकॉलॉजीत काम केलेले असतात, आणि प्रोफायलिंग किती अचूक ठरतं याबद्दल संशोधकांमध्ये बरीच शंका आहे. तुला गुन्हेगाराच्या मनात शिरायचं असेल तर सायकॉलॉजीची पूर्ण डिग्री आणि पुढे फॉरेन्सिक सायकॉलॉजी हा रस्ता धर. त्यात कैद्यांची मानसिक तपासणी, धोक्याचा अंदाज, उपचार, कोर्टात साक्ष असं खरंखुरं काम आहे, आणि माणसांची गरजही आहे.

प्रश्न: डिग्रीचं शेवटचं वर्ष आहे. नातेवाईक विचारतात "म्हणजे तू डिटेक्टिव्ह होणार का?" आणि मला स्वतःलाच माहीत नाही मी काय होणार. जाहिरातींमध्ये "क्रिमिनॉलॉजिस्ट पाहिजे" असं कुठेच दिसत नाही. फसलो का मी?

फसला नाहीस, पण कुणीतरी हे तुला दुसऱ्या वर्षातच सांगायला हवं होतं, तो दोष शिकवणाऱ्यांचा आहे. क्रिमिनॉलॉजिस्ट हे पद म्हणून फार कमी ठिकाणी असतं, विद्यापीठं आणि रिसर्च संस्था सोडल्या तर. हा विषय शिकलेली माणसं दुसऱ्या नावाच्या खुर्च्यांवर बसलेली असतात. त्यामुळे शोधताना पदाचं नाव शोधू नकोस, काम शोध.

मला स्वतःला सगळ्यात जवळचं वाटतं ते प्रोबेशनचं काम, म्हणून त्यावर जरा जास्त बोलते. कोर्टाने एखाद्याला तुरुंगात न पाठवता देखरेखीखाली बाहेर ठेवलं की त्याच्यावर लक्ष ठेवणारा आणि त्याला उभं करणारा माणूस म्हणजे प्रोबेशन ऑफिसर. शिक्षा ठरवण्याआधी बऱ्याच ठिकाणी कोर्ट त्याच्याकडून अहवाल मागतं, घरी कोण आहे, काम काय करतो, व्यसन आहे का, याआधी काय झालं, पुन्हा करण्याची शक्यता किती. तो अहवाल चार-पाच पानांचा असतो पण त्यासाठी आईला भेट, मालकाला भेट, शाळेचा दाखला बघ, अशी पायपीट असते. माझा एक विद्यार्थी यात आहे, तो सांगतो की पहिल्या सहा महिन्यांत त्याने शिकलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे अपॉइंटमेंटची वेळ. त्याच्याकडे येणारा एक जण दर वेळी चुकवायचा, नियमाने त्याच्यावर कारवाई व्हायची वेळ आली, तेव्हा याने बसून विचारलं आणि कळलं की त्याची शिफ्ट बरोबर त्याच वेळेला संपते आणि मालकाला तो हे सांगू शकत नाही, सांगितलं तर काम जाईल. वेळ तासभर पुढे ढकलली, त्यानंतर एकही भेट चुकली नाही. असं काम आहे हे, दिसायला बारीक, पण त्या माणसाचा तुरुंग चुकला.

त्याच प्रकारचं दुसरं काम म्हणजे तुरुंगाच्या आतलं, शिक्षण, कामाचं ट्रेनिंग, व्यसनमुक्ती, सुटकेची तयारी. सुटकेच्या दिवशी माणसाकडे ओळखपत्र नसेल, राहायला जागा नसेल, तर चार वर्षांचं समुपदेशन चार दिवसांत पाण्यात जातं, आणि याची आठवण ठेवणारा कुणीतरी आत लागतो.

मग पीडितांसोबतचं काम. या विषयाने बराच काळ गुन्हा करणाऱ्याकडेच बघितलं, ज्याच्यावर गुन्हा झाला त्याच्याकडे नीट लक्ष गेलं ते विसाव्या शतकाच्या मध्यापासून, आणि व्हिक्टिमॉलॉजीची, म्हणजे पीडितांच्या अभ्यासाची, पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९७३ मध्ये जेरुसलेमला झाली, म्हणजे किती उशिरा बघ. यात कोर्टात सोबत जाणं, पुढची तारीख काय आणि का पडली हे साध्या भाषेत सांगणं, नुकसानभरपाईचे कागद, सुरक्षित निवाऱ्याची सोय हे सगळं येतं. बहुतेक काम संस्थांमध्ये आहे, सुरुवातीचा पगार कमी असतो, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

पगार जरा बरा हवा असेल आणि डेटा आवडत असेल तर क्राइम ॲनालिस्ट. पोलीस खात्यात गणवेश न घालता बसणारी ही माणसं, रोज सकाळी रात्रीच्या नोंदी उघडायच्या, वेळ, जागा, पद्धत यांची जुळणी करायची आणि सांगायचं की या तीन दुचाकीचोऱ्या एकाच हाताच्या दिसतात, तिन्ही संध्याकाळी क्लास सुटायच्या वेळेला. सगळीकडे ही पदं सारखी नाहीत, काही देशांत भरपूर, काही ठिकाणी आत्ता कुठे सुरू होतायत. त्याच कौशल्यावर बँका, विमा कंपन्या, ऑनलाइन पेमेंट कंपन्या यांच्या फ्रॉड विभागात लोक घेतात, मनी लॉन्डरिंगवर नजर ठेवणारे विभाग असतात, आणि तुझ्या बॅचमधले पुष्कळ जण तिकडेच जातील असं मला वाटतं. सायबर गुन्ह्यांत तांत्रिक माणसं खूप असतात, पण लोक फसतात कसे, कुठल्या वाक्याला बळी पडतात, हे समजणारी कमी पडतात.

याशिवाय बालन्याय, रिसर्च, धोरण आखणाऱ्या संस्था, पत्रकारिता, शिकवणं. संयुक्त राष्ट्रांचं ड्रग्ज आणि गुन्हेगारीवरचं कार्यालय व्हिएन्नाला आहे, संयुक्त राष्ट्रांचीच गुन्हेगारी आणि न्यायावर संशोधन करणारी संस्था इटलीत तोरिनोला आहे, पण तिथे जायला साधारण मास्टर्स आणि कामाचा अनुभव दोन्ही लागतं, लगेच नाही.

तू आत्ता काय करशील, तर या डिग्रीसोबत एक हातातलं कौशल्य धर. डेटा, किंवा कौन्सेलिंग, किंवा कायदा, किंवा अकाउंट्स, एकच, पण पक्कं. नुसती क्रिमिनॉलॉजी घेऊन मुलाखतीला गेलास तर समोरचा विचारतो याचं करू काय, आणि क्रिमिनॉलॉजी अधिक नकाशावर डेटा लावता येतो म्हटलंस तर तोच माणूस खुर्ची पुढे ओढतो.

प्रश्न: वय ४३. मी बँकेत आहे. आमच्या ओळखीच्या एका शाखेत एका अत्यंत साध्या, सगळ्यांच्या लाडक्या कर्मचाऱ्याने अफरातफर केली आणि तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही की असा माणूस असं का करतो. या वयात पार्टटाइम शिकणं वेडेपणा आहे का?

अजिबात नाही, आणि तुम्ही विचारलेल्या प्रश्नावर तर एका माणसाने अख्खी पीएचडी केलीय. डोनाल्ड क्रेसी हा अमेरिकन संशोधक तुरुंगांत जाऊन विश्वासाच्या पदावर असताना पैसे खाल्लेल्या माणसांना भेटला, १९५३ मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्याला दिसलं की यातले बरेच जण चोर म्हणून नोकरीला लागलेलेच नव्हते. आधी एक पैशाची अडचण येते जी कुणालाच सांगता येत नाही, घरीही नाही. मग लक्षात येतं की आपल्या हातातल्या व्यवहारातून ती गुपचूप सोडवता येईल. आणि मग मनाची समजूत, मी चोरत नाहीये, फक्त उसने घेतोय, पगार झाला की परत ठेवीन. ही समजूत ते पैसे घ्यायच्या आधीच घालून घेतात, हे मला सगळ्यात अस्वस्थ करणारं वाटतं. तुमच्या त्या लाडक्या कर्मचाऱ्याचंही असंच काही झालं असेल का ते मी सांगू शकत नाही, पण प्रश्न कुठून विचारायचे ते यातून कळतं.

क्रेसीचे गुरू एडविन सदरलँड. व्हाइट कॉलर क्राइम हा शब्द त्यांनी १९३९ मध्ये एका भाषणात वापरला, गरिबी म्हणजे गुन्हा हे समीकरण तिथे मोडलं. १९४९ मध्ये त्यांनी ७० मोठ्या कंपन्यांच्या कायदेभंगाचा अभ्यास पुस्तकात मांडला, तर प्रकाशकाने खटल्याच्या भीतीने कंपन्यांची नावं काढायला लावली, नावांसकट ते पुस्तक आलं १९८३ मध्ये!

आधी एक छोटा सर्टिफिकेट कोर्स करून बघा, मग डिग्रीचं ठरवा. नोकरी सोडू नका. बँकेतली तुमची वीस वर्षं हीच तुमची जमेची बाजू आहे, वर्गातल्या वीस वर्षांच्या पोरांना लेजर (हिशोबाची खातेवही) म्हणजे काय हेही माहीत नसतं.

प्रश्न: माझा मोठा भाऊ तीन वर्षं तुरुंगात होता, आता बाहेर आहे. मला क्रिमिनॉलॉजी शिकायचंय, खरं तर त्याच्यामुळेच. पण भीती वाटते की कळलं तर सगळे वेगळ्या नजरेने बघतील. मला ॲडमिशन मिळेल का? नोकरी?

ॲडमिशनला भावाच्या शिक्षेचा काहीही संबंध नाही, ती शिक्षा त्याला झाली होती, तुला नाही. नोकरीत पोलीस, तुरुंग, बालगृह अशा ठिकाणी चारित्र्य पडताळणी असते, ती प्रामुख्याने तुझ्या स्वतःच्या नोंदींची. काही जागी जवळच्या नात्यात कुणी कैदी आहे का हे विचारतात, तिथे खरं लिही, लपवलेलं सापडलं तर त्याचाच त्रास जास्त होतो.

आणि नजरेचं म्हणशील तर एका माणसाबद्दल ऐक. जॉन अर्विन, अमेरिकन, तरुणपणी सशस्त्र दरोड्यासाठी कॅलिफोर्नियातल्या सोलेडाड तुरुंगात पाच वर्षं होता. आतच शिकायला लागला, बाहेर येऊन शिकत राहिला आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोत समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. तुरुंगातलं आयुष्य आतून कसं असतं यावर त्याने जे लिहिलं ते आजही अभ्यासाला असतं. पुढे तुरुंग भोगून आलेल्या अभ्यासकांची एक वेगळी शाखाच तयार झाली. म्हणजे जे तू लाजून लपवतोयस ते या विषयात ज्ञान समजलं जातं, आणि ते बाकीच्या वर्गाकडे नाहीये.

तुझ्या भावासाठीही एक सांगते. बॉस्टनच्या भागातल्या ५०० गुन्हेगार मुलांचा ग्लुक या संशोधक दांपत्याने १९४० च्या सुमारास फार बारकाईने अभ्यास केला होता, ते कागद नंतर हार्वर्डच्या लॉ लायब्ररीच्या तळघरात खोक्यांत पडून होते. सॅम्पसन आणि लाउब या दोन संशोधकांनी ती खोकी उघडली, सगळी माहिती पुन्हा कॉम्प्युटरवर चढवली, आणि त्यातली काही माणसं सत्तरीच्या आसपास असताना शोधून काढली, ५२ जणांशी समोरासमोर बोलले. लहानपणी कितीही वाईट नोंद असली तरी बहुतेक सगळे कधी ना कधी गुन्ह्यापासून लांब झाले होते. कशाने? टिकलेली नोकरी, जिवाभावाचा जोडीदार, सैन्यात गेल्यावर बदललेली संगत, अशा गोष्टींनी. तेव्हा भाऊ कामाला लागला असेल तर ते काम टिकावं म्हणून घरातल्यांनी जे करता येईल ते करा, सकाळी वेळेवर उठवण्यापासून.

ॲडमिशनच्या फॉर्ममध्ये हा विषय का निवडला असा रकाना असेल तर तिथे भावाबद्दल लिहिलंच पाहिजे असं नाही, तुला वाटलं तर लिही, मी असते तर लिहिलं असतं. पण त्याला न विचारता त्याची गोष्ट असाइनमेंटमध्ये किंवा वर्गात वापरू नकोस, नाव बदलूनही नको. पहिल्या वर्षी रिसर्च एथिक्सच्या तासाला परवानगीचा फॉर्म कसा भरून घ्यायचा ते शिकवतील. तुझ्या घरातली परवानगी मात्र त्याच्याआधी घे, आणि तो नाही म्हणाला तर विषय तिथेच सोड, पुन्हा विचारू नकोस.